दगडातलं आडनाव

कॅसलमोरीच्या खजिनाशोधाचे दोन शिक्के आहेत आणि दोन्ही माझ्या ताब्यात असतात. एकावर ‘पूर्ण’ असं आहे, दुसऱ्यावर ‘छान प्रयत्न’. एकतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीमागे बसले. पोस्ट बंद झालं, पण शिक्का मारायची हाताची खोड काही गेली नाही, म्हणून समितीनं हे काम मला दिलं. त्या खिडकीमागे बसून कोण कुणाला पत्र लिहितं ते कळतंच. कोण कुणाला लिहीत नाही तेही कळतं. दुसरी माहिती जास्त उपयोगी.

‘छान प्रयत्न’चा अर्थ गावातली सगळी मुलं ओळखून आहेत. त्याचा अर्थ, घरी जा.

खजिनाशोध असतो ऑगस्टातल्या शेवटच्या रविवारी, चर्चमधली बाराची मिस्सा-प्रार्थना सुटली की. एका कुटुंबाला एक कागद, त्यावर नऊ कोडी, नऊ चौकटी. गावभर चालायचं आणि नॉर्मनांनी मागं ठेवलेल्या वस्तू हुडकायच्या. हे नॉर्मन साडेआठशे वर्षांपूर्वी वेल्सहून बोटी भरभरून आले, तलवारीच्या जोरावर गाव घेतलं, तट बांधला, चर्च बांधलं, आणि मग इथल्याच मुलींशी लग्नं करून आमच्यासारखेच पावसाला शिव्या देत बसले. टोबिन, रोच, पॉवर, प्रेंडरगास्ट ही सगळी त्यांचीच नावं. टपाल लावताना मला सात खणांत अर्धं गाव बसवता यायचं. फक्त पॅकी ड्वायरचे पूर्वज त्यांच्याही आधीचे. जुन्या चर्चची किल्ली पॅकीकडे असते आणि तो आम्हाला वरचेवर ऐकवतो, “आठशे वर्षं झाली, अजून तुमचं सामान सोडून होत नाही.”

कोडी लिहितात प्रेंडरगास्ट मास्तर. वय एकोणऐंशी, लग्न केलं नाही, गावातल्या तीन पिढ्यांना शुद्धलेखन शिकवलं. आठ कोडी ते दर वर्षी बदलतात. नववं कधीच बदलत नाहीत, कारण ते त्यांच्या फार आवडीचं आहे: ‘दगडात तुमचं आडनाव शोधा. त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासा. उठलेला छाप नवव्या चौकटीत चिकटवा.’

नऊच्या नऊ चौकटी भरल्या की ‘पूर्ण’. आणि ‘पूर्ण’ झालेल्या घरातल्या मुलांना पॅकी जुन्या चर्चचा बुरूज उघडून देतो. वर्षातून तेवढा एकच दिवस. बारा वर्षांपर्यंतचीच मुलं, कारण जिना नॉर्मन मापाचा आहे. एकदा बँकेचे साहेब हौसेनं चढले, ते पोटाशी अडकले आणि त्यांना खाली काढायला लोणी लागलं.

यागोदा स्काल्स्का बारा वर्षांची होती. पाच वर्षं तिनं कागद भरून आणला होता, पाचही वर्षं आठ चौकटी बरोबर आणि नववी रिकामी, आणि पाचही वर्षं मी तिच्या कागदावर ‘छान प्रयत्न’ मारला होता. वर्गातली पोरं बुरुजावरून खाली बघून ओरडायची आणि ही खाली मान वर करून उभी. ती दोन वर्षांची असताना तिचे आईवडील पोलंडहून इथं आले. आईची पाळी वृद्धाश्रमात, रविवारीही. वडील रादेक दूधसंघाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतात. सज्जन माणूस, कामापुरतं बोलणारा. गावाला दहा वर्षांत त्यांच्याबद्दल वाईट बोलायला काहीच सापडलं नाही, त्यामुळे गाव त्यांच्याबद्दल फारसं बोलायचं नाही. आमच्याकडे अशांना ‘वाऱ्यावर आलेले’ म्हणतात. शिवी नव्हे ती. पण पदवीही नव्हे.

या वर्षी शेवटची संधी होती. पुढच्या ऑगस्टात ती तेरा वर्षांची झाली असती, आणि बुरूज संपला.

आता, बर्क मंडळींनी एकदा फोनवर उत्तरं शोधली तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाबरोबर दुसऱ्या घरचा एक साक्षीदार चालतो. चिठ्ठ्या टाकतात. माझ्या चिठ्ठीवर रादेक स्काल्स्कीचं घर निघालं.

“टोबिनबाई, तुम्ही हळू चालता का?” यागोदानं पहिल्यांदा हेच विचारलं.

“मी सत्तर वर्षांची आहे.”

“ते नाही विचारलं मी.”

“हळू चालत नाही,” मी म्हटलं. “पण थांबून बोलते.”

“मग बोलणं नंतर करा,” ती म्हणाली, आणि बापाच्या हातातला कागद ओढून घेऊन निघाली. रादेकनं माझ्याकडे बघून माफी मागितल्यासारखे खांदे उडवले.

पहिलं कोडं होतं, ‘वेशीपासून नदीकडे चाळीस पावलं. तिथं कोण डोळा मिटतो?’ वेस आमच्या गावात नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी गवताची गाडी आत जाईना म्हणून पाडली. पण आम्ही सगळे अजून ‘वेशीत भेटू’ म्हणतो, वेशीत भांडतो, वेशीत गाड्या लावतो. मास्तरांना तर वेस कुठं आहे असं कुणी का विचारावं, हेच कळत नाही. “वेशीला काय पाटी लावायची? दिसत नाही का?” गेल्या वर्षी डब्लिनहून आलेलं एक कुटुंब वेस शोधत शोधत पेट्रोलपंपाच्याही पुढे गेलं, संध्याकाळी त्यांना दुधाच्या गाडीतून परत आणलं.

यागोदा सरळ औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, जिथं वेस होती तिथं, जाऊन उभी राहिली, भिंतीला टाच लावली आणि पावलं मोजायला लागली. चाळिसाव्या पावलावर तटाच्या भिंतीत बाण सोडायची फट होती, बाहेरून विटांनी बुजवलेली. “हा मिटलेला डोळा,” ती म्हणाली, आणि लिहिलंसुद्धा.

दुसरं, तिसरं, चौथं तिनं असंच झपाझप उडवलं. ‘नव्या रस्त्यावर’ म्हणजे कुठं, हे तिला विचारावं लागलं नाही. नवा रस्ता तीनशे वर्षं जुना आहे हे तिला ठाऊक होतं. शत्रूच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतायचं भोक बॅरीच्या केस कापायच्या दुकानाच्या दारावरच येतं, हेही. पाचव्याला मात्र रादेकची पंचाईत झाली. कोडं होतं, ‘जिला सातशे वर्षांत कधी थंडी वाजली नाही, तिच्या डाव्या हाताला बोटं किती?’ पुलापाशी तटात एक दगडी बाई कोरलेली आहे. अंगावर चिंधी नाही, आणि हात जिथं ठेवले आहेत तिथं भल्या घरचं कुणी ठेवत नाही. मास्तर ब्रह्मचारी खरे, पण प्रश्न असा घालतात की माणसाला नीट बघावंच लागतं. रादेक पुलाच्या कठड्याला टेकून नदीतल्या बदकांकडे बघत राहिला.

“तातो, दगडाची आहे ती,” यागोदा म्हणाली. बापाला ती तातो म्हणते.

“हो. मला बदकं आवडतात.”

“तीन!” तिनं मोजून सांगितलं. “टोबिनबाई, तीनच ना?”

“मी साक्षीदार आहे, मला डोळे नाहीत,” मी म्हटलं. तीनच आहेत.

सव्वातीनला आठ चौकटी भरल्या होत्या. एकही खाडाखोड नाही. इतक्या लवकर मी टोबिनांचंही कधी पाहिलं नव्हतं, आणि आमच्यातले तिघे तर याच रस्त्यांवर जन्मलेत. जुन्या चर्चच्या फाटकाशी रादेक थांबला आणि पोरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चल, आइस्क्रीम खाऊ. आठ झाले. आठ खूप आहेत.”

“आठाला बुरूज मिळत नाही.”

“यागोदा, इथं आपलं कुणी नाही.”

“असेल एखादा. चुकून पुरलेला.”

ती आत गेली. थडग्यांच्या रांगांतून ती ज्या सवयीनं चालली ना, त्यावरून मला कळलं की हे पाचही वर्षं चाललेलं आहे. मी तिच्या मागे मागे. शेवाळलेला दगड आला की ती खाली वाकायची, बोटानं अक्षर चाचपायची आणि पुढे. टोबिन, टोबिन, पॉवर, रोच, रोच, बर्क, टोबिन. मला त्या दिवशी पहिल्यांदाच आमचं गाव आगाऊ वाटलं. मेलेले असून केवढी जागा अडवून बसलेत.

आणि दर वर्षी टेबलामागे बसून मी हिच्या रिकाम्या चौकटीवर शिक्का मारला होता. चौकट रिकामी दिसली की दुसरा शिक्का, एवढंच डोकं चालवलं होतं मी. ती रिकामी का, हे विचारायला काही वेगळी खिडकी लागत नव्हती.

मागाहून फाटक वाजलं. इमेल्डा रोच, तिचा नातू काहल, आणि त्यांचे साक्षीदार म्हणून हाश्शहुश्श करत पॉवरांची सून. इमेल्डानं रविवारची टोपी घातली होती. ती थडग्यांकडे बघितल्यासारखंही न करता तरातरा चर्चच्या आत गेली. रोचांच्या नावाचे दगड बाहेर ढिगानं आहेत, तिच्या नवऱ्याचाही आहे, गुळगुळीत काळ्या ग्रॅनाईटचा. पण इमेल्डाला बाहेरचे दगड पुरत नाहीत. चर्चच्या आत, फरशीत, गावातला सगळ्यात जुना थडग्याचा दगड आहे. त्यावर लॅटिनमध्ये अर्धं झिजलेलं वाक्य आणि शेवटी दोन शब्द, ‘दे रूपे’. सगळ्यात जुन्या आडनावाला मास्तर हिरवी फीत देतात. तशा अकरा फिती इमेल्डाच्या बैठकीत एकीखाली एक लटकताहेत.

यागोदाही आत आली, सावलीला म्हणा किंवा रिकाम्या हातानं परत जायचं नाही म्हणून म्हणा. काहल गुडघ्यांवर बसून पेन्सिल घासत होता. इमेल्डा त्याच्या डोक्यावर उभी राहून समजावत होती, पण आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जावा.

“नीट घास, काहल. हे आपलं नाव आहे. रूपे म्हणजे लॅटिनमध्ये खडक. दे रूपे म्हणजे खडकाचा. फ्रेंचमध्ये खडकाला म्हणतात रोश. आणि रोशचं झालं रोच. कळलं? एकच नाव. नुसती भाषा बदलली.”

“दर वर्षी सांगतेस, आजी.”

“दर वर्षी विसरतोस म्हणून.”

यागोदा खांबापाशी उभी होती. ती सावकाश म्हणाली, “रोचबाई, म्हणजे त्याचं नाव खडक होतं?”

“खडकाचा,” इमेल्डानं दुरुस्त केलं. “खडकाकडचा. मोठं घराणं.”

यागोदा बापाकडे वळली. रादेक दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. “तातो,” ती म्हणाली आणि पुढे पोलिशमध्ये एकच शब्द बोलली. स्कावा असं काहीतरी ऐकू आलं. रादेकनं मान हलवली, पण होकाराची नव्हे. राहू दे म्हणायची. आणि तरी त्याच्या तोंडावर जे आलं ते त्याला लपवता आलं नाही. इतका शांत माणूस, पण हसला.

काहल उठला तशी ती त्याच्या जागी गुडघ्यांवर बसली आणि आपला कागद पसरला.

“अगं, अगं! काय करतेस?” इमेल्डा.

“आमचं आडनाव घासते.”

“तो आमचा माणूस आहे!”

“आमचाही आहे,” यागोदा म्हणाली. पेन्सिल थांबली नाही. “स्काल्स्की म्हणजे खडकाकडचा.”

तिथून समितीच्या हॉलपर्यंतच्या दोनशे पावलांत इमेल्डा एक शब्द बोलली नाही. मी तिला साठ वर्षं ओळखते. ही वेळ धरून हे मी फक्त दोनदा पाहिलंय, आणि आधीच्या वेळी तिचा दात काढला होता.

हॉलमध्ये चहाचं मोठं भांडं उकळत होतं, हॅमच्या सँडविचांवर ओलं फडकं टाकलेलं. मास्तर लांब टेबलाच्या मधोमध बसले होते, समोर उत्तरांचा कागद. पॅकी ड्वायर बुरुजाची किल्ली गुडघ्यावर ठेवून सँडविच खात होता. मी माझ्या जागेवर बसले, दोन्ही शिक्के समोर ठेवले. इमेल्डानं आपला कागद ठेवला, यागोदानं आपला. दोन नवव्या चौकटी, दोन्हींत ‘दे रूपे’.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे काय?”

मग सगळे एकदम बोलले. मास्तरांनी टेबलावर पेन्सिल आपटली. त्या आवाजानं पन्नाशीची माणसंही अजून हाताची घडी घालतात.

“इमेल्डा, तू आधी.”

“मास्तर, ही फसवणूक आहे. पहिली गोष्ट, हिला उत्तर माझ्याकडून कळलं. दुसऱ्या घरची मदत चालत नाही, नियम आहे.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. साक्षीदार मी होते.

“इमेल्डानं तिला काही सांगितलं नाही,” मी म्हटलं. “इमेल्डानं काहलला सांगितलं, चर्चला सांगितलं, आणि वाऱ्याची दिशा बरोबर असती तर वॉटरफर्डलाही कळलं असतं. तिथं नुसतं उभं राहणं म्हणजे मदत घेणं असेल, तर या गावात मदत न घेता कुणी मोठं झालेलं नाही.”

पॅकी सँडविचमध्येच हसला.

“दुसरी गोष्ट,” इमेल्डा म्हणाली. “यांच्या घरातच आडनाव एक नाही. बाप स्काल्स्की आणि मुलगी स्काल्स्का. कागद बघा! कुठलं खरं?”

“मुलीचं स्काल्स्काच होतं,” यागोदा म्हणाली. “मी मुलगी आहे म्हणून.”

“हे कसलं आडनाव, जे माणूस बघून बदलतं?”

“तुझं लग्नात बदललंच की, इमेल्डा,” पॅकी म्हणाला. ती त्याची चुलत बहीण, माहेरची ड्वायर. “तू कधीपासून खडक झालीस? आमच्याकडे होतीस तेव्हा चिखलच होतीस.”

“तू तोंडातलं आधी गिळ!”

मास्तरांनी परत पेन्सिल आपटली आणि रादेककडे वळले. “स्काल्स्कीसाहेब, शब्दाचा अर्थ खरोखर तसा आहे?”

रादेक टेबलाजवळ आला. सगळ्या हॉलनं आपल्याकडे बघावं ही त्याच्या दृष्टीनं शिक्षाच. “मास्तर, खडकाला आम्ही स्कावा म्हणतो. लिहिताना मध्ये ल लिहितो, पण त्याला एक रेघ असते, मग तो व होतो. स्कावा नावाचं गाव आहे, क्राकूवजवळ. तिथून कोणी निघालं असेल. आमच्या आजोबांनी एवढंच सांगितलं. मोठं घराणं वगैरे नव्हे. ते गाई राखायचे.”

“स्कावा कुठं आणि स्काल्स्की कुठं!” इमेल्डा म्हणाली. “काही जुळतंय का?”

मास्तर तिच्याकडे वळले. “रोच कुठं आणि रूपे कुठं, इमेल्डा?”

पॅकीनं दुसरं सँडविच उचललं.

“तुझं मी अकरा वर्षं मान्य केलं,” मास्तर म्हणाले. “भाषा बदलली, अर्थ तोच, म्हणून. आता याच दगडावर दुसरी भाषा आली तर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?” मग त्यांनी यागोदाचा कागद ओढला, नवव्या चौकटीकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “डेलिया, ही मुलगी आधीही यायची ना?”

“पाच वर्षं,” मी म्हटलं.

“आणि नववं?”

“रिकामं. पाचही वर्षं.”

“का?”

आता काय सांगावं? तीन पिढ्यांना शिकवणारा माणूस, आणि हा प्रश्न मनापासून विचारत होता. “मास्तर,” मी म्हटलं, “यांचं इथं कुणी मेलेलं नाही.”

मास्तरांचा चेहरा बघवला नाही. वर्गातल्या सगळ्यांत साध्या गणितात त्यांचाच हातचा राहून गेला होता. “मला कुणी सांगितलं का नाही?”

“तुम्हाला सांगायची पद्धत कुठं आहे?” मी म्हटलं. “आणि मलाही विचारायला हवं होतं. शिक्का मी मारत होते.”

पण मास्तर ते मास्तर. चूक कळली म्हणून नियम सोडतील तर शुद्धलेखन कोण शिकवणार? आणि नियमांत अजून एक होता, तो दुर्दैवानं आमच्याच घराण्यामुळे झालेला. गावात टोबिन दोन प्रकारचे, डोंगराकडचे आणि नदीकडचे. एकमेकांशी बोलत नाहीत, का ते आता कुणाला आठवत नाही. एका वर्षी दोघांनीही एकच दगड घासून आणला आणि हॉलमध्ये खुर्च्या उडाल्या. तेव्हापासून नियम: एका दगडावर एकच घर. जास्त घरं असतील तर आपण एकमेकांचे नातेवाईक आहोत असं त्यांनी सर्वांसमोर म्हणायचं. नाही म्हणत असतील तर तो दगड कुणालाच नाही.

मास्तरांनी तो वाचून दाखवला. मग म्हणाले, “इमेल्डा, तू सांग. ही तुमच्यातली आहे का? नाही म्हणालीस तर दोघींनीही बाहेरचा दगड शोधायचा. पाचपर्यंत वेळ आहे.”

पाच वाजायला वीस मिनिटं होती. बाहेर रोचांचे दगड ढिगानं. आणि यागोदासाठी एकही नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला, अगदी सँडविच खाणाऱ्यालाही, माहीत होतं.

यागोदानं कुणाकडे बघितलं नाही. तिनं आपला कागद दोन्ही हातांनी दाबून धरला होता, जणू खिडकीतून वारा येतोय.

मी इमेल्डाचं तोंड वाचत होते. तो माझा जुना धंदा. नाही म्हटलं तर तिचा बारावा हिरवा तुकडा गेला, कारण बाहेरच्या ग्रॅनाईटला कोण जुनं म्हणणार. हो म्हटलं तर रोचांच्या साडेआठशे वर्षांच्या घराण्यात दूधसंघातला एक फिटर आला, आणि गाव ते तिला नाताळपर्यंत ऐकवणार. एका बाजूला फीत, दुसऱ्या बाजूला टोपी. मी दोन्ही बाजू मांडल्या आणि मला बेरीज येईना.

“आजी,” काहल म्हणाला, “ती आमची गोलकीपर आहे.”

“म्हणून?”

“म्हणून काही नाही. सांगितलं.”

इमेल्डानं टोपी सारखी केली. यागोदाला खालपासून वरपर्यंत बघितलं. घोटे, गुडघे, गुडघ्यांवर चर्चच्या फरशीची धूळ. मग हनुवटी.

“लांबची आहे,” ती म्हणाली. “फार लांबची.”

“म्हणजे हो का नाही?” मास्तर.

“मास्तर, लांबची म्हणजे आमच्यातलीच! कान गेले का तुमचे?” आणि मग हॉलकडे वळून, कारण इमेल्डाला एक वाक्य एका माणसाला सांगता येत नाही, “रोच चहूकडे गेले. लढाया केल्या. पोलंडपर्यंत पोचले असतील. हनुवटी बघा ना तिची! अगदी माझ्या नवऱ्याची.”

यागोदाच्या हनुवटीत रोचांचं काही नाही. देवाशप्पथ नाही. पण मी साक्षीदार फक्त पाच वाजेपर्यंतची होते, आणि हनुवटी माझ्या कामात येत नव्हती.

“आणि तुमच्याकडून?” मास्तरांनी रादेकला विचारलं. “नातं मान्य?”

रादेकनं इमेल्डाकडे बघितलं. इमेल्डानं त्याच्याकडे. “मान्य,” तो म्हणाला. “आम्हाला काय, आमच्याकडे मावश्या कमीच आहेत.”

मी ‘पूर्ण’चा शिक्का उचलला. पाच वर्षांचा जोर एकदम आला हातात. छाप इतका जोरात उठला की कागदाच्या मागून दिसला.

पॅकीनं हात पुसले, किल्ली घेतली. “चला, उपऱ्यांनो,” तो मुलांना म्हणाला, “नऊजण आहात. एकेकानं. धक्काबुक्की केली तर वरच कोंडून ठेवीन, पुढच्या ऑगस्टात उघडीन.”

आम्ही सगळे खाली उभे राहिलो. रादेक मान वर करून उभा, जिथं मुलगी पाच वर्षं उभी असायची तिथंच. जिन्यातून पावलांचा आणि पॅकीच्या शिव्यांचा आवाज वर वर जात राहिला. मग बुरुजाच्या कंगोऱ्यांतून डोकी दिसायला लागली. तिचं सगळ्यांत शेवटी. ती काही ओरडली नाही. बराच वेळ नुसती बघत होती, चारी बाजूंनी, एकेका कंगोऱ्याशी थांबून, जशी खाली थडग्यांशी थांबायची.

मग ओरडली. “तातो! आपल्या छपरावर तीन चेंडू आहेत!”

“कुठे?”

“पन्हाळीत! दोन माझे! तिसरा कुणाचा ते माहीत नाही!”

“माझा!” काहल वरूनच म्हणाला. “वर्षभर शोधतोय मी!”

मास्तर माझ्या शेजारी उभे होते. पुढच्या वर्षीचं नववं कोडं मनात जुळवत असावेत; ओठ हलत होते. “डेलिया,” ते हळूच म्हणाले, “‘दगडात तुमचं आडनाव शोधा, नसेल तर...’ याच्या पुढे काय लिहू?”

“लिहायच्या आधी आम्हाला विचारून बघा,” मी म्हटलं. “या वेळी.”

हिरवी फीत इमेल्डालाच मिळाली. अर्धी. मास्तरांनी कात्रीनं मधोमध कापली. तिनं ती कुरबुर न करता घेतली, हेही मी नोंदून ठेवलं.

पण इमेल्डा काही फुकट देणारी बाई नव्हे, आणि नातं एकदा मान्य केलं की त्याचं काय काय देणं लागतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. वाऱ्यावर आलेल्यांना कळायला जरा वेळ लागतो. आमच्याकडे सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी थडग्यांना आशीर्वाद देतात, आणि त्याच्या आदल्या शनिवारी ज्यानं त्यानं आपापली थडगी घासून लख्ख करायची असतात. त्या शनिवारी सकाळी नऊला मी फुलं घेऊन फाटकाशी पोचले, तर इमेल्डा दोन बादल्या, तीन ब्रश आणि काहलला घेऊन उभी होती. आणि तिच्यासमोर, कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच, रादेक आणि यागोदा.

“एकूण चौतीस आहेत,” इमेल्डा सांगत होती. “शेवाळ आधी ओलं करायचं, मग घासायचं. अक्षरांत जोर लावायचा नाही. जेवायला माझ्याकडे, एक वाजता.”

रादेकनं रांगेकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोच, रोच आणि रोच.

“सगळे आमचे?” त्यानं विचारलं.

“सगळे,” इमेल्डा म्हणाली आणि बादली त्याच्या हातात दिली. “तू त्या टोकापासून सुरू कर.”